शेवटचा तंबू

“तोंडवर नको मारू. परवा तिना फोटू काढना शे.”

दुधावर झाकण ठेव म्हणावं इतक्या साध्या आवाजात मम्मी हे म्हणाली. ती दादाच्या खोलीच्या दाराशी पदराला हात पुसत उभी होती. दार अर्धं उघडं होतं. मी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसले होते आणि माझ्यासमोर दक्षिण आफ्रिकेतल्या एका लॉजचा तंबू होता. आत पांढरी चादर, बाहेर लाकडी ओटा, ओट्यापलीकडे पाणवठ्यावर दोन हत्ती. सोफ्यावर बसलेल्या पप्पांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तरी पट्ट्याचा आवाज आलाच. तो टीव्हीच्या आवाजाखालून येतो. वहिनीचा आवाज येत नाही. ती ओरडत नाही, फक्त नाकातून श्वास सोडते, आणि भिंतीला पाठ लागली की धप्प होतं.

पट्टा नवीन होता. त्याच दिवशी सकाळी दादाचा मित्र, ज्याला आम्ही सगळे शेठ म्हणतो, बायकोबरोबर रिंग रोडच्या मार्केटमधून सफारीचे कपडे, पट्टे घेऊन आला होता. शेठचा साड्यांचा धंदा आहे आणि त्याच्या साड्यांवर दादाच्या मशिनींवर एम्ब्रॉयडरी होते. तो आणि त्याची बायको, शेठाणी, आमच्याबरोबर आफ्रिकेला येणार होते. लॉजने ईमेलमध्ये लिहिलं होतं की भडक रंग नकोत, निळा आणि काळाही नको, मातकट किंवा वाळलेल्या गवतासारखा रंग हवा. पप्पांनी पलसाण्याच्या प्रोसेस हाउसमध्ये जन्मभर कपडा रंगवला. त्यांनी ती खाकी पॅन्ट हातात घेऊन चिमटीत चोळली आणि म्हणाले, “असा रंग आमच्याकडे चुकून निघायचा. मग मालक शिव्या द्यायचा.” सगळे हसले.

वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा पॅन्ट घातली होती. ती बाहेर आली, शर्ट खाली ओढत, आणि शेठ म्हणाला, “भाभी तो फॉरेस्ट ऑफिसर लागे छे.” वहिनी हसली. तोंडावर हात न ठेवता, दात दिसतील अशी हसली. दादाही हसला. जेवून शेठ-शेठाणी गेले, दादाने त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं, परत येऊन चप्पल जागेवर ठेवली आणि वहिनीला म्हणाला, “जरा आत ये.”

थोड्या वेळाने वहिनी बाहेर आली तेव्हा ती साडीत होती. तिने कणीक मळायला घेतली. मम्मीने तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिचा चेहरा तपासला. चेहरा ठीक होता.

*

आमचं घर सुरतेच्या डिंडोलीत आहे. आजोबांच्या काळात आम्ही अमळनेरकडून आलो. घरात अहिराणी बोलतात, बाहेर गुजराती, आणि माझ्याशी हिंदीमिश्रित मराठी, कारण लहानपणी मी अहिराणीत काही बोलले की सगळे हसायचे. मी इंग्लिश मीडियमची. माझ्या तोंडात ती भाषा परकी वाटते म्हणायचे. मग मी ती फक्त ऐकायला शिकले.

मला त्या शाळेत दादाने घातलं. पप्पा नको म्हणत होते. दादा तेव्हा दुसऱ्याच्या कारखान्यात दोरा बदलायचं काम करत होता, तरी तो हटून बसला की एक तरी पोरगी घरात इंग्लिश बोलली पाहिजे. रोज सकाळी तो मला सायकलवर सोडायचा. मी सातवीत असताना एका रिक्षावाल्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी घरी काही बोलले नाही, पण दादाने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. दुसऱ्या दिवशी त्याने त्या माणसाला शाळेच्या फाटकासमोर खाली पाडून इतकं मारलं की त्याचे दात डांबरावर पडले. दादाने मला ते बघायला लावलं. “बघ,” म्हणाला, “मान वळवू नको.” मला तेव्हा अभिमान वाटला होता. मैत्रिणी कितीतरी दिवस त्याबद्दल बोलत होत्या.

इंग्लिश मलाच येत असल्यामुळे सफारीचं सगळं प्लॅनिंग माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. “मॅडमला सांगा,” दादा म्हणायचा. “मॅडम, विचार, सिंह दिसेल का. मॅडम, विचार, मारताना दिसेल का.” त्याला शिकार बघायची होती. नुसता झोपलेला सिंह बघायला तो एवढ्या लांब जाणार नव्हता. तो कारखान्यातून आला की मोबाइल टीव्हीला जोडायचा आणि आम्ही जेवत असताना शिकारीचे व्हिडिओ लागायचे. त्याला रानकुत्रे सर्वांत जास्त आवडायचे. सिंह गळा धरतो, जनावर गुदमरून पडतं, मग खातो. रानकुत्र्यांना तेवढा धीर नसतो. ते धावत्या हरणाला मागून धरतात आणि पोट फाडतात. हरीण उभंच असतं. त्याचं आतडं जमिनीवर लोंबतं, कुत्री ते ओढतात, आणि हरीण समोर कुठेतरी बघत उभं राहतं. दादा तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा लावायचा.

“पाय बघा त्याचे,” तो म्हणायचा. “थरथरतात का? नाही. मजबूत आहे.”

मम्मी म्हणायची, “जेवताना नको लावू.” पप्पा ताटात बघून जेवायचे. वहिनी सगळ्यांना वाढून झाल्यावर बसायची, आणि ती बसायची तेव्हा टीव्हीकडे पाठ होईल अशी जागा तिला मिळू नये याची दादा काळजी घ्यायचा. “इकडे बस,” म्हणायचा. “तिथे गेल्यावर घाबरशील. आत्ताच सवय कर.”

*

फोटो काढायला मी वहिनीला उधन्याच्या स्टुडिओत घेऊन गेले. व्हिसाच्या फोटोला पांढरा पडदा लागतो, हसायचं नसतं, आणि दोन्ही कान दिसावे लागतात. हे शेवटचं मी वाचलं होतं, पण माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

“भाभी, केस कानामागे घ्या,” फोटोग्राफर म्हणाला.

वहिनीने उजवीकडचे घेतले.

“बीजी बाजू पण.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डावीकडचे केस मागे नेले. कान वरपासून पाळीपर्यंत जांभळा होता आणि सुजून डोक्याला चिकटला होता. कानातलं फूल तिने दुसऱ्याच भोकात घातलं होतं, कारण नेहमीचं भोक फाटलं होतं. मम्मीने फक्त तोंडाचं सांगितलं होतं. कान तिने त्यात धरला नव्हता.

फोटोग्राफरने कानाकडे पाहिलं. मग त्याने फोटो काढला आणि आम्हाला कॉम्प्युटरपाशी बोलावलं. “साफ करी दऊं,” तो म्हणाला. त्याने माउसने उजवा कान उचलला, उलटा केला आणि डाव्या जागी ठेवला. कडा थोड्या पुसल्या. “हवे जुओ. कोई नहीं कहे.” वहिनी वाकून स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत होती. दोन्ही कान अगदी सारखे.

“छान आला,” ती म्हणाली.

रिक्षात तिने मला सांगितलं, “ताई, फोटो झाला हे घरी लगेच नका सांगू.”

का, ते मी विचारलं नाही. पण घरी पोचल्याबरोबर दादानेच विचारलं, आणि पाकीट माझ्या हातात होतं.

त्याच आठवड्यात, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, त्याने तिच्या तोंडावर वाटी मारली. स्टीलची वाटी. ओठ आतून फाटला आणि तिने रक्त गिळलं, कारण समोर ताटं होती. मम्मी उठली, फडकं आणलं, आणि दादाला म्हणाली, “हातस्ले काही करू नको. मुंबईले ठसा देना शेतस.” व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे होते. मम्मीने ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. मी सांगितलेलं प्रत्येक काम ती लक्षात ठेवायची, आणि वहिनीच्या अंगाचा तेवढा भाग तेवढ्या दिवसांपुरता वाचवायची. तिच्याजवळ तेवढंच होतं असं मला आता वाटतं. तेव्हा मला तिचा राग यायचा, आणि मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसायचे.

*

लॉजचं शेवटचं लांब ईमेल आलं तेव्हा शेठ आणि शेठाणी आमच्याकडे चहाला बसले होते. दादाने मला ते सगळ्यांसमोर वाचायला लावलं. मी एकेक वाक्य इंग्लिशमध्ये वाचून मराठीत सांगत होते.

जीप उघडी असते. तिला छत नसतं, दारं नसतात. प्राण्यांना जीप आणि आतली माणसं मिळून एकच मोठं जनावर वाटतं, म्हणून ते जवळ येऊनही काही करत नाहीत. पण कोणी उभं राहिलं किंवा मोठ्याने बोललं तर ते एकच जनावर राहत नाही, त्यातलं एक माणूस वेगळं दिसतं. म्हणून काही झालं तरी उठायचं नाही. आवाज करायचा नाही.

“हे आपल्याला शिकवायला नको,” पप्पा म्हणाले. ते गमतीने म्हणाले की कसं, मला कळलं नाही. कोणी हसलं नाही.

“शिकार बतावशे के नहीं?” शेठने विचारलं.

“ते म्हणतात, खात्री देता येत नाही.”

“आपणे तो फक्त जोवानुं, भाई. खावानुं सिंहने,” शेठ म्हणाला. “पण मॅडम, वेगळ्या तव्याचं विचारलंत ना? आम्ही शाकाहारी, ते लोक त्याच तव्यावर सगळं करतात. मी खाखरे नेतोय, पण चार दिवस खाखऱ्यावर हिला राग येईल.” शेठाणीने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

मी पुढे वाचलं. तंबूंना कुंपण नाही. अंधार पडल्यावर पाहुण्यांनी एकट्याने बाहेर पडायचं नाही, रक्षक नेईल आणि आणेल. मोबाइलला रेंज नाही. रात्री तरसांचे आवाज येतात, ते कधी हसल्यासारखे, कधी बाई ओरडल्यासारखे असतात, घाबरू नये.

दादाने चहाचा कप खाली ठेवला. “ऐकलं का?” तो वहिनीकडे बघून म्हणाला. ती खमणची प्लेट घेऊन उभी होती. “तिथे किती पण ओरड. लोक म्हणतील तरस आहे.”

शेठ मोठ्याने हसला. पप्पाही थोडे हसले. मी पण हसले, मला आठवतंय, कारण सगळे हसत होते. वहिनीने प्लेट शेठाणीसमोर धरली. शेठाणी हसली नव्हती. तिने एक तुकडा घेतला आणि तो शेवटपर्यंत हातातच ठेवला. जाताना लिफ्टपाशी ती शेठला काहीतरी म्हणाली, आणि शेठ म्हणाला, “एमना घरनी वात छे. तू वच्चे ना पड.”

त्या संध्याकाळी भांडी घासताना वहिनी माझ्या बाजूला आली. नळ चालू होता. “ताई,” ती म्हणाली, “भिंतीचं काही नाही का? विटांचं. बाजूला शेठची खोली असेल असं.”

मी शोधलं. विटांच्या खोल्या असलेला एक लॉज मिळाला, खोल्या एकमेकींना लागून, मध्ये पातळ दार. मी तो दादाला दाखवला. हे स्वस्त आहे आणि पोहायचा तलाव आहे असं सांगितलं. दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवला, सायकलवरून उतरवताना ठेवायचा तसा.

“मॅडम, भिंती सुरतला कमी आहेत का? तंबूच घे. आणि त्यांना लिही, शेवटचा द्या. सगळ्यात लांबचा.”

मी टाइप करत होते आणि तो माझ्या खुर्चीमागे उभा होता. शेवटचा तंबू, मुख्य इमारतीपासून सर्वांत दूर, शक्य असल्यास. बटण त्यानेच दाबलं. लॉजच्या बाईचं उत्तर लगेच आलं. तिने लिहिलं होतं की नवीन जोडप्यांना तोच आवडतो.

*

वहिनीचं गाव अमळनेरच्या पुढे आहे. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या सगळ्या लेकी माहेरी जातात. भाऊ न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. लिंबाला झोका बांधतात, आमरस आणि मांडे करतात. पहिल्या वर्षी वहिनी गेली होती. दुसऱ्या वर्षी दादाने तिला ताप आला म्हणून सांगितलं, आणि तिला खरंच उठता येत नव्हतं.

या वर्षी आमचं विमान आखाजीच्या तीन दिवस आधी होतं. तारीख दादाने काढली होती.

झोक्याबद्दल तिने मला बऱ्याचदा सांगितलं होतं, पण एकदा तिने दुसरं सांगितलं. शेवटच्या दिवशी गौराई बुडवायला जातात तेव्हा नाल्याच्या एका बाजूला तिच्या गावच्या पोरी आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या गावच्या. एकमेकींना शिव्या घालायच्या. एरवी तोंडातून निघाल्या तर आई थोबाड फोडेल अशा शिव्या, गाणं करून. मग ढेकळं मारायची. “माझा नेम चांगला होता,” वहिनी म्हणाली. “एकीच्या कपाळावर असं बसलं की ती मागे बसलीच. पुढच्या वर्षी आली तेव्हा खूण दाखवत होती. मैत्रीण झाली माझी.” ती हसत होती, ओठावरची खपली ताणली जाऊ नये म्हणून एका बाजूने. मी तिला कोणावर हात उचलताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र येईना.

तिचा मोबाइल दादाच्या उशाशी असायचा. तिच्या भावाचे फोन मम्मीच्या मोबाइलवर यायला लागले. मम्मी नाव बघायची आणि मोबाइल उलटा ठेवायची.

“उचल ना,” मी म्हणाले.

“नही म्हणीसन तोंड वाईट कसाले करो? उचलनाच नही. समजी जाई तो,” ती पप्पांकडे बघून म्हणाली.

पप्पांनीही मान हलवली. पप्पांना बहीण नाही, म्हणून या घरातून कधी कोणी मुराळी म्हणून गेलं नव्हतं. मम्मीचे भाऊ तिला न्यायला यायचे त्याला खूप वर्षं झाली. दोघेही एक गोष्ट विसरले होते, किंवा सुरतेत राहून ती त्यांच्यातून निघून गेली होती. गावाकडे मूळ, म्हणजे लेकीला न्यायला येतो असा सांगावा, पाठवला आणि नाही असा निरोप आला नाही, तर त्याचा अर्थ हो असतो.

वहिनीला हे माहीत होतं. म्हणूनच ती घाबरली होती. भाऊ येईल, दादा त्याचा अपमान करेल, आणि नंतर ती तंबूत असेल. मुंबईला ठसे देऊन झाल्यावर एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या करत होती. लॉजला नेणाऱ्या लहान विमानात कडक बॅगा चालत नाहीत, म्हणून मऊ बॅग आणली होती. दादा कपाटासमोर उभा होता. मी मलेरियाच्या गोळ्या दाखवायला दारात आले होते.

“भाऊला निरोप देऊ का,” वहिनी म्हणाली, “की येत नाही म्हणून? नाहीतर तो उगाच हेलपाटा...”

ती माहेरी पाठवा म्हणत नव्हती. ती येत नाही एवढंच कळवू का विचारत होती. तिचा उजवा हात कपाटाच्या चौकटीवर होता. दादाने हाताकडे पाहिलं. मग दार धरलं आणि लावलं. कपाट लोखंडी आहे. दार पूर्ण लागेना म्हणून त्याने खांदा लावला.

या वेळी ती ओरडली. एकदाच, आणि ते बाई ओरडल्यासारखं अजिबात नव्हतं. दोन बोटं सापडली होती. एकाचं नख दारालाच राहिलं.

“दे आता निरोप,” दादा म्हणाला. त्याने तिचा मोबाइल काढून तिच्यासमोर बॅगेवर टाकला. मग वळून मला म्हणाला, “मॅडम, या गोळ्या जेवणाआधी की नंतर?”

“नंतर,” मी म्हणाले.

गल्लीतल्या डॉक्टरने दोन्ही बोटं एकत्र बांधली. मम्मीने त्याला सांगितलं, कपाटाच्या दारात सापडली. निरोप गेला नाही.

*

विमानाच्या आदल्या दिवशी दुपारी शेठ-शेठाणी बॅगा घेऊन आले होते, सगळ्यांच्या एकत्र वजन करायला. दादाने काटा हॉलच्या मधोमध ठेवला होता. टीव्हीवर रानकुत्रे होते. बेल वाजली आणि मी दार उघडलं.

वहिनीचा भाऊ होता. त्याची गावात पिठाची गिरणी आहे. नवा शर्ट घातला होता, पण भुवयांत पीठ राहिलं होतं. एका हातात आंब्यांची पेटी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि काखेत सांजोऱ्यांचा डबा. “ताई, बऱ्या शेतस ना?” तो मला म्हणाला. मग आत बघून सगळ्यांना हात जोडले. “बहिणले लेवाले उनू.”

मम्मीने माझ्याकडे पाहिलं, जसं काही मीच फोन उचलला होता. दादा उठला, पुढे गेला, पेटी स्वतःच्या हातांनी घेतली. “या मेहुणे, बसा. सांगायचं तरी.”

“फोन लाये बरा. कोणी उचलना नही. मी म्हटलं, नही असा निरोप उना नही, मंग चाल.”

वहिनी पाणी घेऊन आली. तिने पदर कानांवरून घेतला होता आणि तांब्या डाव्या हातात धरला होता. भावाने तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. सासरच्या माणसांसमोर बघत नाहीत. त्याने पिशवीतून साडी काढली आणि मम्मीच्या हातात दिली, तेव्हा त्याची नजर खाली होती, आणि तिथेच वहिनीचा उजवा हात होता.

“बोटस्ले काय व्हयनं?”

“कपाटना दारमा सापडनात,” मम्मी म्हणाली.

हे खरंच होतं. तो “अरे अरे” म्हणाला आणि पाणी प्यायला.

मग दादाने त्याला सगळं सांगितलं. आफ्रिका, विमान, सिंह, उघडी जीप. लॅपटॉपवर तंबू दाखवला. शेवटचा तंबू. भाऊ पुढे वाकून बघत होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. “विमानथून?” त्याने दोनदा विचारलं. त्याला राग येईल असं मला वाटलं होतं, निदान वाईट वाटेल. पण तो आनंदाने लाल झाला. “माय गावभर सांगी,” तो म्हणाला. “मनी बहीण आफ्रिकाले गई. आखाजी काय, पुढला वरीसले बी येस.”

“मुराळ्याला रिकामं पाठवायचं नसतं,” दादा म्हणाला. त्याने बॅगेतून एक खाकी टोपी काढली, मोठ्या काठाची, आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. शेठ टाळी वाजवून हसला. भाऊही हसला. तो भिंतीवरच्या आरशात बघायला उठला, टोपी सरळ केली आणि वहिनीकडे वळून, आता पहिल्यांदा, तिच्या तोंडाकडे पाहिलं. “कशी दिसस?”

“चांगली दिसस,” वहिनी म्हणाली.

ती सोफ्याच्या कडेला मम्मीजवळ बसली होती. पाठ ताठ, डावा हात उजव्या हातावर. ती माझ्याकडे बघत नव्हती, भावाकडेही नाही. टीव्हीच्या दिशेने बघत होती. तिथे हरीण उभं होतं. मम्मी बसली होती, पप्पा बसले होते, शेठाणी बसली होती, आणि कोणीच हलत नव्हतं. एवढ्या माणसांचं मिळून एकच काहीतरी झालं होतं.

“मंग मी निंघस,” भाऊ म्हणाला. “चारनी गाडी शे.” त्याने रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.

दादाने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला दाराकडे न्यायला लागला. वहिनीच्या डाव्या हाताने उजवा इतका घट्ट धरला होता की पट्टीवर ओलं आलं.

मी उभी राहिले. मांडीवरचा लॅपटॉप खाली पडला. त्या आवाजाने सगळ्यांनी वळून पाहिलं, दादानेही. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं, रिक्षावाल्याच्या वेळी कळलं होतं तसं. “मॅडम,” तो हळू म्हणाला, “बस खाली.”

पप्पांचा हात रिमोटकडे गेला. टीव्हीचा आवाज वाढायला लागला, कुत्र्यांचा केकाटल्यासारखा आवाज. मला त्याच्यावरून बोलावं लागलं, आणि कधीच बोलत नव्हते त्या भाषेत बोलावं लागलं, कारण टोपी घातलेल्या त्या माणसाला एका दमात, पहिल्या वाक्यातच समजायला हवं होतं.

“भाऊ,” मी म्हणाले, “कपाटनं दार आपोआप नही लागनं. दादा तिले मारस. तिले आजच लई जा.”